शरदातली बागेची तयारी: सारखे विचारले जाणारे प्रश्न

ऋतू पालटायला लागला, दिवस लहान व्हायला लागले की बागवाल्यांचे तेच तेच प्रश्न सुरू होतात, म्हणून सगळे एकदाच नीट लिहून काढलेत. कुठे या दिवसांनंतर हिम पडतं, म्हणजे दवसुद्धा गोठवणारी थंडी येते, कुठे नुसता पहाटेचा गारवा येतो, तर जिथे दोन्हीकडची रीत वेगळी आहे तिथे तसं सांगितलंय. एक गोष्ट मात्र खाली चारपाच ठिकाणी तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल, की माती उघडी ठेवायची नाही. माझ्या मते शरदातलं खरं काम तेवढंच आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

तयारीला नक्की कधी लागायचं? तारीख सांगा ना.

पक्की तारीख एकच आहे, दिवस आणि रात्र सारखे होतात ती, उत्तर गोलार्धात २२ किंवा २३ सप्टेंबर आणि दक्षिण गोलार्धात २० किंवा २१ मार्च. तिथून पुढे दिवस रात्रीपेक्षा लहान होत जातो आणि झाडांना हे आपल्या आधी कळतं. पण कामासाठी त्या तारखेपेक्षा रात्रीचं तापमान जास्त उपयोगाचं. बाहेर सावलीतल्या भिंतीवर एक साधा थर्मामीटर लावा आणि पहाटेचा आकडा बघत जा. रात्र १३ अंशांच्या खाली जायला लागली की टोमॅटोला फळ धरणं कमी होतं, मिरची वांगी पण सुस्तावतात, म्हणजे त्यांचा हंगाम संपत आला असं समजायचं. जिथे हिम पडतं तिथे पहिलं हिम साधारण कोणत्या आठवड्यात पडतं ते आजूबाजूच्या जुन्या बागवाल्यांना विचारून घ्या आणि त्याच्या सहा ते आठ आठवडे आधी कामाला लागा. जिथे हिम नाही पण पाऊस आहे तिथे पाऊस थांबून माती वाफशावर आली, म्हणजे चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशी झाली, की सुरुवात.

वाफे रिकामे झालेत. सगळं उपटून, झाडून एकदम स्वच्छ करून ठेवू ना?

नका करू, खरंच नका करू. मी पहिल्या वर्षी हेच केलं होतं. चार वाफे होते, त्यातले तीन मुळासकट उपटून, खुरपून, वर दंताळं फिरवून अंगणासारखे लख्ख केले, चौथ्यापर्यंत पोचेपर्यंत दिवस मावळला आणि मग ते राहूनच गेलं, त्यात वाळलेल्या घेवड्याच्या वेली आणि वरच्या झाडाचा पडलेला पाला तसाच राहिला. नंतर दोन जोराचे पाऊस झाले. पुढच्या लागवडीला गेले तर साफ केलेल्या तिन्ही वाफ्यांवर कडक पापुद्रा धरलेला, खुरपं मारलं की ढेकूळच उचलून यायचं, आणि चौथ्यातला पाला बाजूला केला तर खाली काळीभोर ओलसर माती, हात मनगटापर्यंत सहज आत गेला आणि मुठीत दोन गांडुळं आली. माती एकच, पाऊस एकच, फरक फक्त वरच्या पांघरुणाचा.

कारण साधं आहे. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटतो तेव्हा मातीचे बारीक गोळे फुटतात, त्यातली बारीक माती पाण्याबरोबर खालच्या छिद्रांत जाऊन बसते आणि वाळली की सिमेंटसारखा थर होतो. मग पाणी आत जात नाही, वरून वाहून जातं, जाताना चांगली माती घेऊन जातं. पाला असला की थेंबाचा मार पाला खातो.

म्हणून झाडं उपटण्याऐवजी जमिनीलगत कापा आणि मुळं आतच राहू द्या. मूळ कुजलं की त्याच्या जागी पोकळ वाट तयार होते, त्यातून हवा आणि पाणी खाली जातं, पुढच्या पिकाची मुळं त्याच वाटेने उतरतात. घेवडा, वाटाणा, चवळी यांच्या मुळांवर गाठी दिसतात त्या नत्राच्या, म्हणजे नायट्रोजनच्या, पण एक सांगते, शेंगा भरेपर्यंत वाढवल्या असतील तर त्यातलं बरंचसं नत्र शेंगांत गेलेलं असतं, त्यामुळे पुढच्या पिकाला खतच लागणार नाही असं समजू नका. काढून टाकायचं ते फक्त तीन गोष्टी, रोगट झाडं, बी धरलेलं तण आणि खाली पडून सडलेली फळं. बाकी राहू द्या.

मग वाफ्यावर घालायचं काय?

घरात जे असेल ते. पाचोळा, वाळलेलं गवत, पेंढा, अर्धवट कुजलेलं कंपोस्ट, काहीही चालेल, थर ५ ते ८ सेंटिमीटरचा. फक्त झाडाच्या बुंध्याला चिकटवू नका, चार बोटं मोकळी जागा सोडा, नाहीतर साल ओली राहून कुजते आणि थंडीत उंदीर तिथेच घर करतात.

दुसरा उपाय म्हणजे हिरवळीचं खत, म्हणजे पीक खाण्यासाठी नाही तर मातीत परत घालण्यासाठी घ्यायचं. मेथी, वाटाणा, क्लोव्हर, मोहरी यातलं काहीही दाट फेकून पेरा, फुलायला लागलं की बी धरायच्या आत कापा आणि तिथेच पसरून द्या, मग दोन ते तीन आठवडे थांबून लागवड करा. मोहरी कोबीच्याच घराण्यातली आहे, त्यामुळे पुढे तिथे कोबी, फ्लॉवर, मुळा लावणार असाल तर मोहरी नको, रोग तसेच पुढे चालत येतात.

पाचोळा इतका पडतो की वैताग येतो. जाळू का?

अजिबात जाळू नका. तुमच्या बागेत वर्षभरात फुकट येणारी सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे हा पाचोळा, आणि जाळला की धूर शेजाऱ्यांच्या घरात आणि मातीला फक्त चिमूटभर राख.

आधी पान पडतं कसं ते बघा. दिवस लहान आणि गार झाले की झाड पानातला हिरवा रंग मोडून काढतं, त्यामुळे आतला पिवळा नारिंगी रंग जो आधीपासूनच होता तो दिसायला लागतो, लाल जांभळा मात्र बऱ्याच झाडांत त्या वेळी नव्याने तयार होतो. या सगळ्यात झाड पानातलं नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) जमेल तेवढं फांदीत परत ओढून घेतं आणि मग देठाशी एक थर तयार करून पान सोडून देतं. म्हणजे खाली पडतं त्यात खत कमी आणि कर्ब (कार्बन) जास्त. हे लक्षात ठेवलं की पाचोळ्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळतं, तो खत म्हणून फार नाही, पण मातीला भुसभुशीत करणं आणि पाणी धरून ठेवणं यात त्याच्यासारखं काही नाही.

पानांचं खत करायला काही खास लागत नाही. एक मोठी प्लॅस्टिकची गोणी घ्या, तिला बाजूंनी दहापंधरा भोकं पाडा, पाला दाबून भरा, भरताना प्रत्येक थरावर झारीने पाणी मारा, तोंड सैल बांधा आणि सावलीत कोपऱ्यात ठेवून द्या. हे काम बुरशी करते, जिवाणूंपेक्षा हळू, म्हणून एक ते दोन वर्षं लागतात. पाला आधी बारीक केला, गवत कापायच्या मशीनखालून काढला तरी चालेल, तर वेळ बराच वाचतो. मधे एकदा गोणी उघडून हात घाला. वरची पानं अजून कोरडी कुरकुरीत असतात, त्याखाली ती एकमेकांना चिकटलेली, मऊ, आणि दोन पानं सोडवली की मधे पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं, पानाची नुसती शिरांची जाळी उरलेली, आणि पहिल्या पावसानंतर जंगलात येतो तो वास. त्या टप्प्यावर असेल तर पांघरूण म्हणून वापरा, पूर्ण काळं आणि भुगा झालं की कुंडीच्या मातीत आणि रोपं करायला वापरा.

दोन सूचना. जाड चामड्यासारखी पानं तशीच टाकली तर थराखाली पाणी जात नाही, ती आधी तुकडे करा. आणि अक्रोडाचा पाला टोमॅटो, मिरची, बटाट्याजवळ नको, त्यात अशी द्रव्यं असतात की ही झाडं कोमेजतात. लॉनवर पाल्याचा जाड थर राहिला तर खालचं गवत गुदमरतं, तिथून उचला किंवा मशीन फिरवून भुगा करून तिथेच सोडा.

कंपोस्टचा ढीग केलाय पण गरमच होत नाही.

बहुतेक सगळं वाळलेलंच घातलंय, किंवा ढीग छोटा आहे, किंवा कोरडा आहे. कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असलं की जिवाणू जोरात कामाला लागतात. वाळक्या पानांत कर्बाचं प्रमाण ६० ला १ च्या आसपास असू शकतं, ताज्या कापलेल्या गवतात २० ला १ च्या आत, म्हणून दोन्ही मिसळायचं. घरी मोजमाप करत बसायची गरज नाही, दोन ते तीन टोपल्या वाळकं आणि एक टोपली हिरवं, म्हणजे गवत, भाजीची देठं, खरकटं नसलेला ओला कचरा. ढीग किमान एक मीटर लांब, रुंद, उंच हवा, नाहीतर आतली उष्णता टिकत नाही. ओल किती, तर मूठभर घेऊन दाबलं की एखादा थेंब यावा, धार नको.

चांगला जमला तर मधे ५५ ते ६५ अंशांपर्यंत जातो, हात घातला तर चटका बसतो. काही दिवस ५५ च्या वर राहिला आणि दोनतीनदा उलथापालथ केली की तणाचं बरंचसं बी आणि बरेचसे रोग मरतात. गार ढीग पण कुजतोच, फक्त सावकाश, आणि त्यात तणाचं बी जिवंत राहतं.

भुरी (पांढऱ्या पावडरीसारखी बुरशी) आलेली पानं, करपलेली टोमॅटोची झाडं कंपोस्टमध्ये घालू का?

ढीग खात्रीने गरम होत असेल तरच. नाहीतर वेगळं बांधून कचऱ्यात द्या. गुलाबाची काळे ठिपके पडलेली पानं तर खाली पडलेली पण वेचून काढा, पुढच्या वर्षीचा रोग तिथेच बसून राहतो. आणि करपा आलेल्या बटाट्याचे छोटे बटाटे मातीत राहिले असतील तर खणून सगळे काढा, उशिराचा करपा जिवंत बटाट्यात तग धरतो.

माती खणून उलटीपालटी करायची का?

नवीन जागा असेल, माती दबून दगड झालेली असेल, तर एकदा खणा. चालू वाफा असेल तर नको. वर कंपोस्टचा ३ ते ५ सेंटिमीटर थर द्या, खाली ओढून न्यायचं काम गांडुळं करतात, आणि खणलं की खाली झोपलेलं तणाचं बी वर उजेडात येऊन उगवतं ते वेगळंच.

खणायचंच असेल तर वाफसा बघून. मूठभर माती दाबा, गोळा झाला पाहिजे आणि अंगठ्याने टोचला की फुटला पाहिजे. फुटला नाही, चिकट राहिला, तर अजून दोनतीन दिवस थांबा, ओल्या मातीत पाय टाकून खणलं तर होणारं नुकसान पुढे सगळा हंगाम भोगावं लागतं, हे मी घाई करून शिकले आहे.

मातीचा सामू (pH, आम्लपणाचं माप) तपासायचा असेल तर हीच वेळ चांगली. बहुतेक भाज्यांना ६ ते ७ च्या मधला लागतो. माती आम्ल निघाली तर बागेचा चुना आता घाला कारण तो मातीत मुरून परिणाम दिसायला काही महिने लागतात. तपासल्याशिवाय चुना घालू नका, जास्त झालेला चुना काढता येत नाही. आणि चुना आणि शेणखत एकदम घालू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं, मधे काही आठवडे जाऊ द्या.

आता पेरायचं काय? उशीर तर नाही झाला ना?

हिम न पडणाऱ्या जागी तर उलट आता खरा हंगाम सुरू होतो. पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर, बीट, वाटाणा, लेट्यूस, कोबी, फ्लॉवर, कांद्याची रोपं, सगळ्यांना हा गारवा आवडतो. फक्त सुरुवातीला दिवसा अजून ऊन कडक असतं आणि लोक तिथे फसतात. लेट्यूसचं बी माती २५, २६ अंशांच्या वर गेली की उगवायला का कू करतं, पालक पण ३० च्या वर नीट येत नाही, मग लोक म्हणतात बी खराब होतं. बी चांगलं असतं. संध्याकाळी पेरा, सावली करा, रात्रीच्या गारव्यात बी पाणी पिऊन जागं होतं. गाजर उगवायला एक ते तीन आठवडे घेतं आणि तेवढे दिवस वरचा थर एकदाही वाळता कामा नये, म्हणून पेरल्यावर ओलं गोणपाट पसरा, रोज सकाळी एक कोपरा उचलून बघा आणि पहिला हिरवा दोरा दिसला की त्याच दिवशी काढून टाका, एक दिवस उशीर झाला तरी रोपं पिवळी आणि लांबट होतात.

हिम पडणाऱ्या जागी उलटी मोजणी करायची. समजा पाकिटावर ४५ दिवस लिहिलेत, त्यात १४ दिवस वाढवा कारण दिवस लहान होत असताना सगळंच हळू वाढतं, म्हणजे ५९, तर पहिल्या हिमाच्या ५९ दिवस आधी बी मातीत पडलेलं हवं. मुळा महिन्याभरात येतो म्हणून त्याला उशिरापर्यंत संधी असते. पालक, कोबी, गाजर हलकं हिम सोसतात, एवढंच नाही तर थंडीपासून वाचायला ते आत साखर वाढवतात आणि म्हणून हिमानंतरचं गाजर गोड लागतं. दिवस दहा तासांच्या खाली गेला की वाढ जवळजवळ थांबते, तोपर्यंत झाडं जेवढी मोठी झाली असतील तेवढीच थंडीभर काढत बसायची.

जागा ठरवताना मागच्या वेळी तिथे काय होतं ते आठवा. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा हे एक घराणं, कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी दुसरं, शेंगा तिसरं, भोपळे काकडी चौथं. एकच घराणं त्याच जागी तीन चार वर्षांनी परत यावं. छोट्या बागेत हे पूर्ण जमत नाही, माझंही जमत नाही, पण लागोपाठ तरी नको.

लसूण कसा लावायचा?

पाकळ्या आदल्या दिवशीच सुट्या करा, सोलू नका, मोठ्या मोठ्या लावायला आणि बारीक स्वयंपाकाला. टोक वर, बूड खाली, ३ ते ५ सेंटिमीटर खोल, दोन पाकळ्यांत १० ते १५ सेंटिमीटर. लसणाला गारवा मिळाला की मगच एका पाकळीचा अनेक पाकळ्यांचा गड्डा होतो, म्हणून शरदात लावायचा. कडक थंडीच्या जागी तो पुढच्या उन्हाळ्यात, आठ नऊ महिन्यांनी निघतो, सौम्य जागी चारपाच महिन्यांत. वर पाल्याचं पांघरूण, अर्थातच.

झाडावर अजून हिरवे टोमॅटो आहेत आणि थंडी आली.

पूर्ण वाढ झालेले, किंचित फिके चकचकीत झालेले असतील ते तोडून आत आणा, १८ ते २१ अंशांत, उन्हात नाही, एका थरात ठेवा. पिकायला ऊन लागत नाही, ऊब लागते. जोडीला एक पिकलेलं केळं ठेवलं की त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने लवकर पिकतात. फ्रिजमध्ये नको, गारठलेला हिरवा टोमॅटो नंतर नीट पिकत नाही. अगदी कोवळे गच्च हिरवे आहेत ते पिकायचे नाहीत, त्यांची भाजी करा.

छाटणी आता करू का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो कारण हातात सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, आलं की थांबवत नाही. थंडीच्या जागी शरदाच्या सुरुवातीला छाटलं की झाड नवे फुटवे काढतं, ते कोवळे असतानाच हिम येतं आणि ते करपतात, झाडाची साठवलेली ताकद फुकट जाते. तिथे मोठी छाटणी झाड पूर्ण झोपल्यावर, हिवाळ्याच्या शेवटी. आता फक्त मेलेली, मोडलेली, रोगट फांदी काढा, ती कधीही काढली तरी चालते.

वसंतात फुलणाऱ्या झुडुपांना तर हातच लावू नका. त्यांच्या पुढच्या फुलांच्या कळ्या आत्ताच जुन्या फांद्यांवर तयार होऊन बसलेल्या असतात, दिसत नाहीत एवढंच. आता नीटनेटकं छाटलं तर पुढच्या वर्षी फुलंच नाहीत आणि कारण कळत नाही. त्यांची छाटणी फुलं संपल्या संपल्या.

सौम्य हवेच्या जागी गुलाबाचं उलटं आहे. पाऊस संपून हवा सुकी झाली की गुलाब छाटायचा, बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, अर्धा सेंटिमीटर वर, तिरपा काप, उतार डोळ्याच्या उलट्या बाजूला म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही. साधारण सहा ते आठ आठवड्यांत फुलं येतात. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना पातं स्पिरिटने पुसा, एवढं तरी नक्की करा.

खत किती द्यायचं?

थंडी येणार असेल तर युरियासारखं नत्राचं जोराचं खत आता बंद, कारण छाटणीचंच, कोवळी फूट येते आणि मरते. नुसतं कंपोस्ट द्या. हिवाळी भाज्या लावलेल्या वाफ्यांना मात्र नेहमीसारखं.

पाणी कमी करायचं ना?

हो, पण बंद नाही. हवा गार झाली की पाणी उडणं कमी होतं, उन्हाळ्याच्या सवयीने रोज घालत राहिलं तर मुळं सडतात आणि कुंडीत बारीक काळ्या माश्या होतात. बोट दोन पेरं आत घालून बघा, कोरडं लागलं तरच घाला, सकाळी घाला, पानांवर नको म्हणजे भुरी कमी येते. जिथे जमीन गोठते तिथे सदाहरित झाडांना आणि याच वर्षी लावलेल्या झाडांना गोठण्याआधी एकदा खोल पाणी द्या, कारण पानांतून पाणी थोडं थोडं जातच राहतं आणि गोठलेल्या मातीतून मुळांना ते परत मिळत नाही. नळी आणि ठिबकमधलं पाणी काढून टाका. मातीच्या कुंड्याही रिकाम्या करून आडोशाला ठेवा, पाण्याचा बर्फ होताना तो सुमारे ९ टक्के फुगतो आणि कुंडी तडकते.

बाहेरच्या कुंड्या आत कधी आणि कशा आणायच्या?

रात्र १२ अंशांपर्यंत उतरली की, उष्ण प्रदेशातली पानांची झाडं असतील तर त्याच्याही थोडं आधी. एकदम आत आणू नका, आठवडाभर सावलीत ठेवून मग आणा, तरी थोडी पानं गाळतात, ती उजेड कमी झाल्याची गळ आहे, घाबरून जास्त पाणी घालू नका.

आत आणायच्या आधी पानं उलटी करून बघा, देठाच्या बेचक्यात बघा. कापसासारखा पांढरा ठिपका म्हणजे पिठ्या ढेकूण, पानाखाली बारीक जाळं आणि पान पिवळट ठिपक्यांचं म्हणजे कोळी (जाळ्यातला नेहमीचा नाही, रस शोषणारी बारीक कीड), कोवळ्या शेंड्याला चिकट म्हणजे मावा. साध्या साबणाच्या पाण्याने पुसा, मग दहा दिवस बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा, एवढ्या दिवसांत अंडी फुटून जे काय असेल ते दिसतं. माझ्याकडे एका कुंडीतले पिठ्या ढेकूण महिन्याभरात खिडकीतल्या सगळ्या झाडांवर गेले होते, दोन झाडं त्यात गेली, तेव्हापासून हे दहा दिवस मी चुकवत नाही.

फुलांचे कंद लावायचे की काढायचे?

दोन्ही. वसंतात फुलणारे, म्हणजे डॅफोडिल, ट्युलिप, क्रोकस, हे आता लावायचे, कंदाच्या उंचीच्या दोन ते तीन पट खोल, टोक वर. डॅफोडिल लवकर, ट्युलिप जरा थंडी पडल्यावर, त्याने रोग कमी येतो. ट्युलिपला १२ ते १६ आठवडे चांगला गारठा लागतो, तुमच्याकडे तेवढा नसेल तर कंद तेवढे दिवस फ्रिजमध्ये ठेवून मग लावा, पण सफरचंद, केळी अशा फळांपासून लांब, फळांतल्या वायूने आतली कळी मरते.

डेलिया, कर्दळ, ग्लॅडिओलस हे थंडीला नाजूक. हिम पडतं तिथे पहिल्या हिमाने पानं काळी पडली की खणून काढा, माती झटका, काही दिवस सुकवा, सुक्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये ठेवा, ५ ते १० अंशांची कोरडी जागा. महिन्यातून एकदा चाचपून बघा, एखादा मऊ झाला असेल तर काढा. डेलियाच्या कंदाला मानेचा तुकडा आणि डोळा हवा, नुसता कंद कितीही मोठा असला तरी फुटत नाही. हिम नसेल आणि पाणी साचत नसेल तर जमिनीतच राहू द्या, वर पाला.

नवीन झाड लावायला ही वेळ बरोबर आहे का?

माझ्या मते सगळ्यात चांगली. वर पानं थांबलेली, हवा गार, पण माती अजून उबदार, म्हणजे झाड सगळी ताकद मुळांना देतं, आणि माती ५ अंशांच्या आसपास उतरेपर्यंत मुळं वाढत राहतात. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दोन ते तीन पट रुंद, खोल मात्र गोळ्याइतकाच. बुंधा जिथे पसरून मुळं सुरू होतात ती जागा जमिनीवर दिसली पाहिजे, खोल पुरलेली झाडं दोनचार वर्षांनी कुरकुरायला लागतात आणि तेव्हा उपाय नसतो. कुंडीत गोल फिरलेली मुळं असतील तर बोटांनी मोकळी करा, गरज पडली तर कापा.

वाळलेल्या दांड्या, फुलांची सुकलेली डोकी कापून टाकू का? वाईट दिसतं.

वसंतापर्यंत राहू द्या. एकटं राहणाऱ्या कितीतरी मधमाश्या पोकळ दांड्यांत अंडी घालतात, त्याहून जास्त जमिनीत बिळं करतात, लेडीबग पाल्याखाली गठ्ठ्याने थंडी काढतात. मावा खाणारे किडे म्हणजे हे लेडीबगच, आणि आपणच शरदात त्यांना गोणीत भरून बाहेर टाकतो आणि मग वसंतात औषध फवारतो. सूर्यफूल, झेंडूसारख्या फुलांची डोकी पक्षी खातात. रस्त्याकडची बाजू नीट हवी असेल तर तेवढी कापा, ३० ते ४५ सेंटिमीटर दांडी ठेवून, आणि कापलेलं मागच्या कोपऱ्यात उभं रचून ठेवा.

घरचं बी धरायचंय, कसं?

संकरित म्हणजे एफ वन लिहिलेलं असेल तर पुढचं झाड आईसारखं येईलच असं नाही, देशी वाण असेल तर धरा. सगळ्यात सुदृढ झाडाची फळं बियाण्याला ठेवायची, उरलेली नाही. शेंगा झाडावरच खुळखुळेपर्यंत वाळू द्या. टोमॅटोचं बी गरासकट भांड्यात दोनतीन दिवस आंबू द्या, भोवतीचा बुळबुळीत थर सुटतो, मग धुऊन ताटलीवर सावलीत वाळवा, कागदावर नको, चिकटून बसतं. कागदी पाकिटात भरून नाव आणि वर्ष लिहा आणि पाकिटं हवाबंद डब्यात, गार कोरड्या जागी. कांद्याचं बी एखाद दोन वर्षंच टिकतं, टोमॅटोचं चार वर्षं सहज. शंका आली तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, सहा उगवले तर दाट पेरा, तीनच उगवले तर नवीन आणा.

अवजारांचं काही करायला लागतं का?

खुरपं, फावडं, सिकेटर धुऊन पूर्ण वाळवा, गंज काथ्याने किंवा तारेच्या ब्रशने काढा, धार लावा, पात्याला तेलाचं बोट फिरवा आणि लाकडी दांड्याला जवसाचं तेल, ते मुरलं की दांडा हाताला गुळगुळीत लागतो आणि चिरत नाही. तेल पुसलेली फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल सुकताना गरम होतं आणि गोळा केलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात, ती पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.